जिन्यातली थुंकी

सत्तेचाळिसाव्या वर्षी मी चंद्रपूर सोडलं आणि पुण्याजवळ चिखलीला राहायला आले. नवऱ्याचा तिकडचा कारखाना बंद पडला होता आणि चाकणच्या एका कंपनीत त्याला सुपरवायझरची नोकरी मिळाली होती. तिकडे मी वीस-बावीस वर्षं घरबसल्या लग्नाच्या ब्लाउजांवर भरतकाम करत असे. मोर, कमळ, कोयरी, परत मोर. बायका 'किती सुंदर' म्हणायच्या आणि मी पुढचं ब्लाउज चौकटीवर ताणायची. इथे मला कुणी ओळखत नव्हतं. दोन महिने चौकट गॅलरीत भिंतीला टेकून उभी होती आणि तिच्यावर रस्त्याची, भंगारच्या दुकानांची, आजूबाजूच्या वर्कशॉपची काळी धूळ बसत होती. सकाळी पुसलं की दुपारी परत बोट काळं.

पण धुळीची मला किळस आली नाही. किळस आली ती जिन्याची.

आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो. लिफ्ट आठवड्यातले चार दिवस बंद. पहिल्या आणि दुसऱ्या मजल्याच्या मधे जिना जिथे वळतो, तिथला कोपरा तंबाखू-सुपारीच्या माव्याच्या पिचकाऱ्यांनी लाल झालेला होता. खाली ताजा ओला लाल, वर वाळलेला विटकरी, त्याच्यावर जुना काळसर, आणि कडेने ओघळ. उन्हाळ्यात त्याला गोडसर, आंबट वास यायचा. मी नाकाला पदर लावून, भिंतीपासून अंग चोरून चढायची. एकदा पिशवी भिंतीला घासली तर ती मी वर नेलीच नाही, भाजी हातात घेऊन पिशवी खाली टाकून आले.

सोसायटीच्या चेअरमनकडे गेले. ते चिखलीच्या जुन्या गावातले, साठीचे गृहस्थ. ते म्हणाले, "ताई, देवाच्या टाइल्स बसवू. देव असला की कुनी थुकत न्हाई बघा."

"म्हणजे देवाला थुंकीवर पहारा करायला उभं करायचं?"

"आता मानसाला लाज न्हाई म्हनल्यावर दुसरं काय करायचं?"

टाइल्स यायला वेळ लागणार होता. दोन रविवार मी स्वतः बादली, फिनेल आणि खराटा घेऊन तो कोपरा घासला. नाकाला ओढणी बांधली होती तरी तोंडात पाणी सुटून उलटीसारखं होत होतं. मंगळवारपर्यंत कोपरा परत लाल. दुसऱ्यांदा तसं झालं त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. आमटीकडे बघितलं की तो ओघळ दिसायचा.

त्याच दुपारी मी चौकट पुसली, जुन्या चादरीचा पांढरा तुकडा ताणला आणि मरून रंगाचा दोरा ओवला. काही करून दाखवायचं म्हणून नाही. ते डोळ्यांतून काढून टाकायचं होतं, एवढंच. जिन्यात जायचं, बघायचं, वर येऊन भरायचं. किळस येणाऱ्या गोष्टीकडे मी आयुष्यात पहिल्यांदा नीट बघत होते. ओघळ सरळ खाली येत नाही, भिंतीच्या खरबरीतपणात अडकतो, फाटा फुटतो. थेंब कडेला गडद असतो, मधे फिका. मोर मी डोळे मिटून भरला असता. हे भरताना दहादा उसवलं.

नवऱ्याने एकदा चौकटीकडे पाहिलं आणि विचारलं, "हे काय आहे?"

"जिन्यातला कोपरा."

तो टॉवेल घेऊन आंघोळीला गेला.

काम अर्ध्यावर आलं होतं. एका सकाळी दूध घेऊन मी जिना चढत होते. रात्रपाळी संपवून नवरा माझ्या पुढेच चढत होता, कंपनीची बस नुकतीच सोडून गेली असावी. मी मागे आहे हे त्याला माहीत नव्हतं. वळणावर तो थांबला, वाकला आणि भिंतीवर थुंकला. मग बाटलीतल्या पाण्याने चूळ भरून तीही तिथेच टाकली. शर्टाच्या खिशातून बडीशेप काढून तोंडात टाकली. वळला तर मी समोर.

"दूध आणलंस?" तो म्हणाला.

मी वर जाऊन बेसिनमध्ये ओकले. रोज घरी येताना त्याच्या तोंडाला बडीशेपेचा वास यायचा. इकडे आल्यापासून माणूस पचनाची किती काळजी घेतो, असं मला वाटायचं.

तो दारात उभा होता. "बारा-बारा तास उभं रहावं लागते. मशीनसमोर डोळा लागला तर कोणाचा हात जाईल. सगळी लाइन मावा खाते."

"मग घरी येऊन बेसिनमध्ये थुंकायचं."

"तू पाहिलं असतं न."

"मी तो कोपरा दोनदा घासला. तुम्हाला माहीत होतं?"

त्याने मान खाली घातली. "तुझ्या हाताला फिनेलचा वास येत होता."

पंचवीस वर्षांच्या संसारात मला त्याचा राग अनेकदा आला होता. किळस पहिल्यांदा आली. त्याचं ताट उचलताना यायची, त्याची उशी झटकताना यायची. आणि माझीही यायची, कारण त्याची थुंकी मी रेशमाने, रंग जुळवून भरत बसले होते. चार दिवस चौकटीला हात लावला नाही. पाचव्या दिवशी बसले. सोडून दिलं असतं तर ते तसंच आत राहिलं असतं. पुढचे टाके मी दात आवळून घातले. तेच जास्त चांगले आले, हेही मला आवडलं नाही.

मग टाइल्स लागल्या. कोपरा स्वच्छ झाला आणि लिफ्टच्या बाजूची भिंत रंगायला लागली. ती कोण रंगवतं, हे मी बघायला गेले नाही. मावा नवऱ्याने सोडला नाही. घरच्या बेसिनमध्ये थुंकतो आणि ते स्वतः घासतो.

चिंचवडच्या एका महिला मंडळाने हस्तकलेचं प्रदर्शन भरवलं, तेव्हा शेजारणीच्या आग्रहाने मी तो कपडा दिला. पर्सेस आणि तोरणांच्या मधे तो टांगला होता. एका बाईंनी त्यावरून हात फिरवला. "अय्या, किती सुंदर! गुलमोहर का?"

"नाही. जिन्यातली थुंकी आहे."

त्यांनी हात झटकन मागे घेतला आणि साडीला पुसला. "शी! असलं कशाला भरायचं?"

मला बरं वाटलं. माझ्या कामावरून आजवर कुणी हात मागे घेतला नव्हता.

संध्याकाळी हॉल झाडायला आलेली बाई झाडता झाडता त्यापुढे थांबली.

"हे मी धुते रोज. बँकेच्या जिन्यात असंच हाय." मग पुढे वाकून, बोट न लावता, तिने एक जागा दाखवली. "पन इथं चुना फुटतो बघा. पांढरा, खवल्यावानी. त्यो न्हाई काढला तुमी."

तिचं बरोबर होतं. घरी आल्यावर मी कपडा परत ताणला आणि मळकट पांढऱ्या दोऱ्याने चुना भरला. तीन दिवस लागले. त्यानंतर मोर भरायला सांगणारी दोन गिऱ्हाइकं आली, मी नाही म्हटलं.

आता नदीवर जाते. पुलाखाली पाण्यावर कारखान्यांच्या सांडपाण्याचा जो फेस साचतो, तो भरायला घेतला आहे. तिथे अर्धा तास उभं राहिलं की घसा जळतो आणि घरी येऊन केस धुवावे लागतात.