कुंडलिकच्या हाताचा कोरेपणा

१९७४च्या पावसाळ्यात पालीच्या कुंडलिकच्या उजव्या बरगडीखाली गाठ हाताला लागू लागली, डोळे पिवळे झाले. बायको फुलाबाई त्याला एसटीनं पुण्याच्या मोठ्या दवाखान्यात घेऊन गेली. यकृताचा कर्करोग निघाला.

तिथल्या डॉक्टरीणबाईंनी कुंडलिकच्या हाताच्या कातडीत क्षयाच्या चाचणीची बारीक सुई टोचली. मग फुलाबाईला म्हणाल्या, "तुम्हालाही टोचू? निरोगी माणसाशी ताडून बघायचंय."

"टोचा की. पर कशापायी, त्ये सांगा."

"तिसऱ्या दिवशी सांगते."

तिसऱ्या दिवशी फुलाबाईच्या हातावर लाल, टणक फुगवटा आला होता. कुंडलिकचा हात कोराच. तो खुशीत म्हणाला, "मला कायबी झालं न्हाई बघ!"

फुलाबाईनं डॉक्टरीणबाईंना बाजूला गाठलं. "सुजला माजा हात, आन् ह्येंचा बघून तुमचं तोंड का उतरलं?"

बाईंनी तिला सूक्ष्मदर्शकापाशी नेलं. "रक्तात राखण करणाऱ्या पांढऱ्या पेशी असतात. क्षयाचे जंतू आपल्याकडे बहुतेकांच्या अंगात कधीतरी येऊन गेलेले, म्हणून त्यांच्या ओळखीचे. मेलेल्या जंतूंचा अर्क टोचला की त्या धावून येतात, म्हणून तुमचा हात सुजला. यांच्या धावल्या नाहीत. म्हणजे त्या गाठीशीही लढत नसणार."

फुलाबाईनं एक डोळा मिटून पाहिलं. फिकट ठिपक्यांच्या दाटीत जांभळे गोल होते. "जांभळ्या त्याच त्या पेशी, दिसाव्यात म्हणून रंग दिलाय," बाई म्हणाल्या.

"ह्ये ह्येंचंच रगात?"

"हो."

"मंग हायेत की हितं! हायेत, तर उठत का न्हाईत?"

"ते आम्हालाही कळलेलं नाही."

एवढ्या शिकलेल्या बाईंनाही कळलेलं नाही, याचं तिला मोठं नवल वाटलं.

दिवाळीच्या तोंडावर कुंडलिक गेला. फुलाबाईनं रडत रडतच भात काढलं. पण तो प्रश्न काही डोक्यातून जाईना. संक्रांत झाल्यावर ती एकटीच पुण्याला गेली.

"उमगलं का, बाई?"

"अजून नाही. रोग्यांच्या रक्ताशी ताडून बघायला निरोगी माणसांचं रक्त हवंय, पण कुणी देत नाही."

फुलाबाईनं स्वतःचं दिलं आणि गावात येऊन शेजारणींना गोळा केलं. साळूबाई मागं सरली. "रगात दिल्यावर अंगात काय ऱ्हातंय?"

"म्या परवा दिलं. आज डोईवर दोन हंडे आणलं, बघितलंस न्हवं?"

पुढच्या सोमवारी चौघी जणी तिच्याबरोबर एसटीत बसल्या. खिडकीशी बसलेल्या साळूबाईनं हळूच विचारलं, "त्या पेशी आमालाबी दावतील का गं?"

"म्या सांगते बाईंना," फुलाबाई म्हणाली. "एक डोळा मिटून बघायचं बरं का."