पिठातली नावं
ज्वारीचं पीठ गिरणीतून आलं की त्याचा गरम वास घरभर होतो आणि मला मुलीनं कॉलेजात असताना मोबाइलवर काढलेली छोटी फिल्म आठवते. भाकरी विकून घर चालवणाऱ्या बाईची गोष्ट होती. परभणीतल्या एका हॉलमध्ये ती दाखवणार होते आणि मुलीला एकच घोर लागला होता. "आई, नावं पडताना कुणी गप बसत न्हाई. सुरुवातच हुकली तर पुढचं काय कळणार?" कॉम्प्युटरमधली नक्षीदार अक्षरं तिनं बाजूला ठेवली. ओट्याच्या काळ्या फरशीवर पीठ पसरून बोटानं एकेक नाव लिहिलं, तळहातानं पुसलं आणि त्याचं शूटिंग केलं. त्यावर फक्त मी भाकरी थापतानाचा आवाज. "पीठ सांडून सिनेमा होतो का गं?" मी विचारलं. "बघच तू," ती म्हणाली. त्या दिवशी हॉलमध्ये नेहमीचाच गलका होता. माझी नणंद दाराकडं बघून ओरडत होती, "या की निवांत, नुसती नावं पडायलीत!" तेवढ्यात थपथप सुरू झाली. पडदाभर पीठ, त्यात उमटणारं ठसठशीत अक्षर, आणि वाचून होतंय तोवर ते पुसणारा हात. नणंद बोलता बोलता थांबली. तिसरं नाव पुसलं तसे मागून एक आजोबा ओरडले, "थांब की बाई, वाचू दे की!" हॉल हसला आणि मग एकदम शांत झाला. खुर्चीच्या कडेवर बसलेली मुलगी तेव्हा कुठं मागं टेकली. आता कुठल्याही सिनेमाला मी नावं पडायच्या आत जाऊन बसते आणि शेजारच्यांनाही गप्प करते.