मामा आणि दगड झालेली कालवं

आमच्या भूशास्त्र विभागाचे मामा डोळे मिटून शिंपला ओळखायचे. कोट्यवधी वर्षांपूर्वी दगड झालेल्या कालवावर अंगठा फिरवून म्हणायचे, "हे चिखलातलं." नेमणूक शिपायाची, काम जीवाश्म घासून, धुऊन ट्रेमध्ये मांडायचं. येरवड्याहून सायकलवर यायचे. कुणी घाई केली की विचारायचे, "दगड कुठे पळून चाललेत का?"

पीएचडी करताना मी कच्छहून आणलेल्या कालवांची मापं घेत होतो. काही जाडजूड, वाटीसारखी खोल, काही पसरट. माझ्या मते जाती दोन होत्या. एका दुपारी मामांनी दोन शिंपले माझ्यापुढे ठेवले.

"सर, जात एकच आहे. याला टेकायला खडक मिळाला, हा ऐसपैस पसरला. याला चिखल मिळाला. रुतू नये म्हणून वाकून वर वाढला. लहानपणीचं टोक बघा, दोघांचं सारखंच."

मी हसलो. "हे कुठे वाचलंत?"

"वाचलं नाही. वीस वर्षं धुतोय."

ते गेल्यावर मी भिंग घेऊन बसलो. मामा बरोबर होते. माझा सगळा प्रबंध त्यावरच उभा राहिला. आभारांत मी लिहिलं, 'प्रयोगशाळेतील कर्मचारी'.

तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकांनी विचारलं, "हे सुचलं कसं तुम्हाला?" मामा शेजारीच नमुन्यांचा ट्रे धरून उभे होते.

"निरीक्षणातून, सर," मी म्हणालो.

मामांनी ट्रे टेबलावर ठेवला, एक कलंडलेला शिंपला सरळ केला आणि ते बाहेर गेले. त्यानंतर माझ्याशी कामापुरतंच बोलले.

पुढे मी तिथेच शिकवू लागलो. मामा निवृत्त झाले तेव्हा निरोप समारंभाला जायचं धैर्य मला झालं नाही. दुसऱ्या दिवशी ते किल्ल्या द्यायला आले. प्रयोगशाळा रिकामी होती.

"मामा, ते तुमचं होतं. माझं चुकलं."

"हे तेव्हा सांगायचं होतं, परीक्षकांपुढे. मला माहीतच आहे की."

"वर्गात सांगेन."

"सांगा."

त्याला मी तीन वर्षं लावली. तोवर मामा गेले. यंदा कालवं शिकवताना सगळं सांगितलं, त्या परीक्षेसकट. पुढच्या बाकावरच्या मुलीनं पेन उघडलं.

"सर, पूर्ण नाव काय त्यांचं?"

इतक्या वर्षांत मी ते कधी विचारलंच नव्हतं. मुलांना थांबायला सांगून मी कार्यालयात नाव विचारायला गेलो.