मामांनी नवीन आवृत्ती बांधली

आमच्या मामांना तयार काही चालत नाही. विकतचं कपाट घरी आलं की त्याचे सगळे स्क्रू काढून ते पुन्हा बसवतात. कारखान्याच्या कॉम्प्युटर विभागातून निवृत्त झाले, तरी घरच्या मशीनवर प्रोग्रॅमिंगची भाषासुद्धा ते तयार घेत नसत. तिचा मूळ कोड आणायचा, आपल्या मशीनवर बांधायचा, म्हणजे त्यातून चालती भाषा स्वतः घडवायची, आणि ती एका फोल्डरमध्ये बसवायची. पडद्यावर ओळी धावत असताना मामा असे बसत, जणू त्या तेच ढकलताहेत.

"एका बटणात होतं हे," मी म्हणायचो.

"लग्नही एका सहीत होतं. पुढचं कोण निस्तरतं?"

"मी!" मामी आतून ओरडायची.

सिनेमाच्या तिकीटखिडकीवरच्या नोकरीत तासलेला आवाज होता तिचा. गळ्याच्या ऑपरेशननंतर तो राहणार नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं, तेव्हा मामांनी तिला माइकसमोर बसवून शब्दांचे ढीगच्या ढीग वाचून घेतले.

"अहो, 'क्षमस्व' मी जन्मात म्हटलेलं नाही."

"असू दे. लागलं तर?"

ऑपरेशननंतर मामी टाइप करायची आणि मामांचा प्रोग्रॅम तिच्या आवाजात बोलायचा. जरा अडखळत, पण "चहा गार झाला, आता कॉम्प्युटरलाच पाजा" हे अगदी तिच्याच ठसक्यात.

अडखळणं कमी व्हावं म्हणून मामांनी भाषेची नवीन आवृत्ती बांधायला घेतली. त्यांची शिस्त अशी, की आधी जुना फोल्डर अख्खा उडवायचा आणि साफ जागेवर नवीन बसवायचं. त्या फोल्डरची दुसरी प्रत ते ठेवतच नसत. "कशाला? मूळ कोड आहे ना. केव्हाही पुन्हा बांधता येतं."

नवीन आवृत्ती झकास बसली. लागणारे सुटे भाग मामांनी इंटरनेटवरून परत आणले. आवाजाचा भाग मात्र त्यांनी स्वतः केलेला होता आणि शोधाशोध नको म्हणून रेकॉर्डिंगसकट त्याच उडवलेल्या फोल्डरमध्ये कोंबलेला. ज्या लॅपटॉपवर रेकॉर्डिंग केलं, तो केव्हाच भंगारात गेला होता.

मी डिस्क घेऊन दुरुस्तीवाल्याकडे धावलो. "पुसलेलं आलंही असतं," तो म्हणाला, "पण त्याच जागेवर नवीन लिहिलंय."

घरी मामांनी जुनी आवृत्ती पुन्हा बांधली. ती जशीच्या तशी उभी राहिली. आत कोणी नव्हतं.

शेवटी मी बाजारातला तयार आवाज बसवून दिला. मामीने टाइप केलं आणि स्पीकरमधून एक गोड, परकी बाई म्हणाली, "ही बाई कोण?" मामीने स्पीकरची वायरच उपटली.

आता मामी टाइप करते आणि मामा मोठ्याने वाचतात. त्यामुळे त्यांच्यावरचे टोमणे त्यांच्याच तोंडून निघतात. भाजीवाल्यासमोर "या माणसाला वांगी कळत नाहीत" हेही ते इमानेइतबारे वाचतात.

परवा मी गेलो होतो. वाचता वाचता मामा मध्येच थांबले.

"वाचा की, मामा. इतकं काय झोंबलं?"

मी वाकून पाहिलं. पडद्यावर होतं : 'झोपेत माफी मागता, ते मला ऐकू येतं. आता पुरे करा.'

मामीने पडद्यावर बोट आपटलं. मामांनी पडदा माझ्याकडे वळवला. मग ती ओळ मीच वाचली.