अकरा नव्हते, पंधरा होते

शेवटचं बोलणं झालं तेव्हा आप्पा खाटेवर भिंतीला टेकून बसले होते आणि मी ड्युटीला निघाले होते. आप्पा म्हणजे माझे सासरे. मी चप्पल घालत होते, तेवढ्यात ते म्हणाले, "सुमन, त्या दिवशी अकरा न्हवते गं. पंधरा होते." कुठला दिवस ते मला लगेच कळलं. चार वर्षांत त्यांनी त्या डावाचा विषय काढला नव्हता. पण गोडाऊनची गाडी नाक्यावर आली होती. "संध्याकाळी मोजू," म्हटलं आणि पळाले. दुपारी सुपरवायझरने मला पॅकिंगच्या टेबलावरून बोलावलं. ह्यांचा फोन होता... आप्पा गेले होते. खरं सांगायचं तर रडू नंतर आलं. आधी मनात आलं, पंधरा कसे?

आप्पा मालवाहू जहाजावर खलाशी होते. बसऱ्याच्या बंदरातून त्यांनी एक लाकडी पेटी आणली होती. उघडली की आत चोवीस टोकदार खण, दोन फासे, पंधरा काळ्या आणि पंधरा पांढऱ्या सोंगट्या. दोघांनी उलट दिशांनी आपापल्या सोंगट्या फिरवून आणायच्या आणि शेवटी बाहेर काढायच्या. खणात दोन असल्या की त्या सुरक्षित. एकटी असली आणि तिच्यावर समोरच्याची येऊन पडली की ती मेली, पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. पांढऱ्यांतली एक हरवली होती, तिच्या जागी सोड्याच्या बाटलीचं झाकण होतं. कशेळीच्या आमच्या घरी दुपारी लाइट गेली की मागच्या कापडाच्या कारखान्यातले लूम एकदम थांबायचे आणि त्या शांततेत आप्पा पेटी काढायचे. जोडीदार कोणी उरला नव्हता, म्हणून दोन्ही बाजूंनी एकटेच खेळायचे. एकदा ते बराच वेळ अडून बसले आणि मी आतून भाकरी थापता थापता बोलून गेले, "मागची काढा ना." लगेच पदर सारखा केला, पण बोलून झालं होतं.

त्या दिवसापासून आप्पांनी मला खेळायला घेतलं, पण सासऱ्यांसमोर सून बसत नाही. म्हणून मी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर, अंग दाराआड, आणि पेटीपाशी माझ्या जागी आई, म्हणजे सासूबाई. मी सांगायचं, त्यांनी सरकवायची. खेळातलं त्यांना काही कळत नव्हतं. "म्हातारपणी मला हमाल केलाय दोघांनी," असं म्हणायच्या, पण लाइट जायच्या आधीच चटई टाकून बसलेल्या असायच्या. मी नेहमी जपून खेळायचे. जोडीला जोड, एकही उघडी नाही. आणि नेहमी हरायचे. आप्पा म्हणायचे, "तुझी सोंगटी मरत न्हाय पोरी, तुझा डाव मरतो." त्यांचं सांगणं असं, की धोका घ्यायचा का नाही ते समोरच्याच्या शेवटच्या सहा खणांकडे बघून ठरवायचं. तिथली वाट त्याने बंद केली असेल तर गप्प बसायचं. मोकळी असेल तर मेलेलीही तिथून परत आत येते. मला पटायचं, पण तोंडातून जपूनचीच चाल निघायची.

त्याच दिवसांत काल्हेरच्या गोडाऊनमध्ये पॅकिंगला बायका घेत होते. मला जायचं होतं, फार जायचं होतं. ह्यांनी ते आप्पांवर ढकललं. एका दुपारी पेटी उघडताना आप्पा म्हणाले, "हा डाव जिंकलीस तं जा." आईंना थट्टा वाटली. ती थट्टा नव्हती.

अर्ध्या डावात मला सहा-दोन पडले. मागे माझ्या तीन सोंगट्या अडकल्या होत्या, त्यांत ते झाकण. पुढच्याच आणखी पुढे सरकवल्या तर काही उघडं पडत नव्हतं, पण मागच्या तिथेच कोंडल्या असत्या, नेहमीसारख्या. दुसरी चाल म्हणजे झाकण आठ खण पुढे नेऊन एकटं टाकायचं. वाचलं तर पुढच्या फेकीला त्यावर जोड बसवून आप्पांची वाट अडवता आली असती. पण त्यांची काळी तिथून बरोबर चार खणांवर होती. मी मोठ्याने मोजलं. छत्तीस प्रकारे फासे पडतात, त्यांत चार असलेले अकरा. आणि त्यांच्या शेवटच्या सहांत दोनच खण बंद. म्हटलं, "आई, झाकण घ्या. आठ."

आईंनी हात मागे घेतला. "ते एकटं पडंल. मी न्हाय हलवायची."

 आप्पा पेल्यात फासे धरून उंबऱ्याकडे बघत राहिले. मांडीवरचं वाल निवडायचं सूप मी बाजूला ठेवलं, उठले, त्यांच्यासमोर जाऊन बसले आणि झाकण माझ्या हाताने उघड्यावर ठेवलं. 

आप्पांनी पेला उलटा केला. एक फासा पाच, दुसरा घरंगळत खाटेखाली. आई वाकल्या आणि म्हणाल्या, "चार." मी मेलेलं झाकण उचलायला हात पुढे केला. आप्पा म्हणाले, "खाली पडलेला फासा धरत न्हाय. दोन्ही परत." परत टाकले. पाच-तीन! पुढच्याच फेकीला मी झाकणावर जोड बसवली, त्यांच्या दोन काळ्या मागे अडकल्या, आणि मग नुसती पळापळ. मध्येच लाइट आली, पंखा फिरला, मागे लूम धडधडू लागले. लाइट आली की डाव बंद, हा घरचा नियम. आई पाण्याची मोटर लावायला उठल्या. "बस खाली," आप्पा म्हणाले. फासे पडलेले ऐकूही येत नव्हते. माझी शेवटची सोंगटी बाहेर निघाली तेव्हा त्यांच्या तीन उरल्या होत्या.

सोमवारी मी काल्हेरला गेले. उंबऱ्यावर पुन्हा बसले नाही. पुढे चार वर्षं आम्ही समोरासमोर खेळलो, फासे नीट मोजायलाही शिकले, पण तो डाव मागे जाऊन कधी मोजला नाही.

परवा सुट्टी होती. लाइट गेली, लूम थांबले आणि आईंनीच पेटी काढली. मी तो डाव आठवून मांडला, माझी चाल व्हायच्या आधीपर्यंत. मी सांगत गेले तसा आई वालाचा एकेक दाणा ठेवत गेल्या. चारचे अकरा. मग तीन-एक, एक-तीन, कारण तेही मिळून चारच. दोन-दोन. एक-एक, कारण जोड पडली की चार वेळा चालायचं असतं. पंधरा दाणे. मी अकरा म्हटलेलं आप्पांनी ऐकलं होतं. त्यांनी पंधरा म्हटलं असतं तर मी उंबऱ्यावरून उठलेच नसते, हे त्यांना माझ्याइतकंच माहीत होतं.

"मंग तवा बोललं का न्हाय ते?" आईंनी विचारलं. मी दाणे गोळा करू लागले.

 आईंनी पेटीत झाकण शोधलं, उचललं आणि आठ खण मोजून उघड्यावर ठेवलं. "टाक आता त्यांचे फासे," म्हणाल्या.