आडनावातली पहिली वेलांटी

बडनेरा स्टेशनवर गाडी यायला वेळ होता. आईने दशम्यांची पिशवी माझ्या हातातून घेतली, पुन्हा बांधली आणि माझ्याच हातात दिली. बाबा तहसील कचेरीत कारकून होते. सूचना द्यायची असली की ते माणसाकडे बघत नसत. त्या दिवशी ते वेळापत्रकाच्या फलकाकडे बघत होते. "पुण्यात आडनाव विचारतील," ते म्हणाले. "विचारलं तं पूर्ण सांगायचं. तोंडातल्या तोंडात नाही." गाडी हलली तेव्हा हात आईने हलवला. बाबा जागेवर उभे राहिले.

मी वास्तुकला शिकायला पुण्यात आले ती नव्वदच्या दशकाच्या मध्यावर. आडनाव गजभिये. अमरावतीत ते ऐकल्यावर पुढचे काही विचारावे लागत नाही. पेठेतल्या एका घरमालकीणबाईंनी खोली दाखवली, चहा विचारला, मग आडनाव विचारले. मी पूर्ण सांगितले. खोली कालच दुसऱ्यांना दिल्याचे त्यांना तेव्हा आठवले.

शहर घाईत होते. हिंजवडीत काचेच्या इमारती उभ्या राहत होत्या आणि माझी पहिली नोकरी त्यांतल्या जिन्यांची आणि स्वच्छतागृहांची ड्रॉइंग्ज काढण्याची होती. बरोबरीच्या मुली सॉफ्टवेअरमधल्या नवऱ्यांबरोबर अमेरिकेला गेल्या. मी जुन्या इमारतींच्या दुरुस्तीकडे वळले. कसबा पेठेतल्या एका वाचनालयाच्या भिंतींवरचा सिमेंटचा गिलावा काढून पुन्हा चुना करायचा, हे पहिले स्वतंत्र काम. तिथले कार्यवाह रोज येत. "अहो, तुमच्याकडे चुना पानाला लावतात ना? भिंतीला जरा जपून लावा," असे त्यांचे स्वागत असे.

भिंती कोरड्या राहिल्या. दारापाशी दगड बसला आणि त्यावर माझे पूर्ण नाव आले. बाबा उद्घाटनाला अमरावतीहून आले, दगडासमोर चष्मा पुसून उभे राहिले. कोरणाऱ्याने गजभिये दीर्घ केले होते, भ ला दुसरी वेलांटी. मी ते कार्यवाहांना दाखवले. "अहो, दगड आहे तो. वाचता येतंय ना?" ते म्हणाले. बाबांनी वाचता येत असल्याचे सांगून त्यांचे आभार मानले. वारज्याला माझ्या घरी परतताना ते रिक्षात बोलले. "दगडावर आलं, हे मोठं आहे. पण भि ऱ्हस्व आहे."

त्याच भिंती बघून काही वर्षांनी दिंडोरीकडचे काम आले. सॉफ्टवेअर कंपनी विकून एका गृहस्थांनी तिथे द्राक्षबागा घेतल्या होत्या. त्यांना दगड-चुन्याची वाइनरी हवी होती, जमिनीखाली तळघर, त्यात पिंपे. असे काम पुन्हा मिळाले नसते. त्याच सुमारास आई गेली आणि बाबांनी कायमचे वारज्याला यायचे ठरले.

बाबा रोज सकाळी पंचशील म्हणतात. पाचवे शील मद्यापासून दूर राहण्याचे. त्यांचे मोठे भाऊ दारूने गेले, त्यामुळे आमच्या घरात ते नुसते पाठांतर कधीच नव्हते. मी त्यांना फोनवर वाइनरीचे सांगितले, तेही अमरावतीचे घर सोडण्याआधी. नंतर सांगितले असते तर त्यांना परतायला जागा उरली नसती. ते म्हणाले, "येतो," एवढेच.

दोन ट्रंका घेऊन ते आले. एक उघडली, दुसरी कुलूप लावून पलंगाखाली ठेवली. अमरावतीत त्यांचे पठण शेजारच्यांना ऐकू जाई. वारज्यात ते खोलीचे दार लावून घेऊ लागले. मी स्वयंपाकघरात गॅस बारीक करून ऐकत उभी राहायची. चार शीले ऐकू येत, पाचवे येत नसे. ते हळू म्हणत होते की माझ्या घरात राहून गाळत होते, हे विचारायची हिंमत झाली नाही. संध्याकाळी कामावरून आल्यावर आधी ती कुलूप लावलेली ट्रंक पलंगाखाली आहे का ते बघायची.

एकदा जेवताना ते म्हणाले, "तिथल्या दगडावर नाव टाक तुहं. आडनाव माहं आहे. ते नको."

मी बरं म्हणाले.

दगड कोरायचा दिवस आला तेव्हा ते आपणहून गाडीत बसले. तिथे पोचल्यावर आवारातल्या कडुलिंबाखाली थांबले. कोरणाऱ्याने खडूने माझे नाव लिहिले आणि विचारले, "मॅडम, पुढं आडनाव?" मालक शेजारीच होते. मी, एवढंच राहू द्या, म्हणाले. त्याला ऐकू गेले नाही. "काय म्हणालात?" त्याने पुन्हा विचारले. मी कडुलिंबाकडे बघितले.

बाबा झाडाखालून उठून आले. "गजभिये," ते म्हणाले. "ग, ज, भि. भि ऱ्हस्व." कोरणाऱ्याने लिहिले. बाबांनी वाकून तपासले, रेघ जास्त लांब गेली होती तेवढी अंगठ्याने पुसली. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "तोंडातल्या तोंडात नाही, सांगितलं होतं."

मी त्यांना आत येऊन बघा म्हटले. "मी बाहेरच बरा," ते म्हणाले आणि परत झाडाखाली गेले. अजूनही ते तळघरात उतरलेले नाहीत.

अमरावतीत मागे राहिलेले तुम्ही सगळे विचारता, पुणे घर झाले का. अमरावतीच्या घरात आता दुसरे लोक राहतात. वारज्यात, दगड कोरल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी खोलीचे दार उघडे होते आणि पाचवे शील मोठ्याने, पूर्ण ऐकू आले. तेव्हापासून रोज येते. मी टेबलावर पुढच्या वाइनरीचे ड्रॉइंग पसरून बसलेली असते. एखाद्या सकाळी आवाज जरा उतरतो. मग मी उठते आणि गॅस बारीक करते.