कमलचे तीन कोरे पेपर

कमलनं तिसरा पेपरही कोरा दिला, तेव्हा मी चिडलो.

वर नाव, हजेरी नंबर, तारीख. अक्षर नेहमीसारखं वळणदार. खाली एक शब्द नाही. आधी गणिताचा, मग इतिहासाचा, आणि आता भूगोलाचा.

"हे काय आहे?" मी पेपर तिच्यापुढं धरला.

तिनं पेपर घेतला आणि घडी घालायला लागली.

"जिल्ह्यातल्या नद्या सांग."

"पैनगंगा, नळगंगा, ज्ञानगंगा, विश्वगंगा, पूर्णा, खडकपूर्णा." एका दमात.

"मग लिहिलं काऊन नाही?"

"पोट दुखून राह्यलं होतं, गुर्जी."

सातवीच्या माझ्या वर्गातली ही सगळ्यात हुशार मुलगी. केंद्रपरीक्षेला तीन महिने उरले होते. केंद्रपरीक्षा म्हणजे सातवीची बाहेरची परीक्षा. आमच्या मुलांनी बुलढाणा जिल्ह्यातल्या धाड या मोठ्या गावी जाऊन ती द्यायची आणि पेपर दुसऱ्या गावचे मास्तर तपासायचे. ती पास झाली की हायस्कूलचा रस्ता मोकळा. मुलगा नापास झाला तर पुन्हा बसायचा. मुलगी नापास झाली तर पुन्हा शाळेत दिसायची नाही. वर्षा-दोन वर्षांत तिच्या लग्नाचं आमंत्रण यायचं.

महाराष्ट्र राज्य होऊन चार-पाच वर्षं झाली होती. शाळा नव्यानंच जिल्हा परिषदेकडं आल्या होत्या. आमचं गाव धाडच्या बाजूचं, लहान. त्याचं नाव मुद्दाम देत नाही, आणि कमल हेही तिचं खरं नाव नव्हे.

तिचे वडील शिवरामभाऊ भाजीपाला पिकवायचे. वांगी, मेथी, कोथिंबीर. ते धाडच्या बाजारात नेऊन विकायचे. पोरीच्या पोटदुखीला आईनं अंगारा लावून झाला होता, ओवा खाऊ घालून झाला होता. मी म्हटलं, बुलढाण्याच्या सरकारी दवाखान्यात दाखवू. मला पंचायत समितीत काम होतंच. तिघं जण एस.टी.नं गेलो.

डॉक्टर तरुण होते. त्यांनी पोट दाबून पाहिलं, जीभ पाहिली, डोळे पाहिले. मग कमलला बाहेर बाकावर बसवलं आणि शिवरामभाऊंना विचारलं, "रविवारी दुखतं का?"

"नाई जी."

"संक्रांतीच्या सुट्टीला दुखलं?"

शिवरामभाऊंनी आठवून पाहिलं. "नाई. तवा तं माह्यासंगं दिवसभर वांगे तोडत होती."

"मग कधी दुखतं?"

"सोमवारी," मीच म्हणालो. सोमवारी आमच्याकडं चाचणी असायची. चाचणी म्हणजे दर आठवड्याची छोटी परीक्षा, एका विषयाची.

डॉक्टर माझ्याकडं वळले. "मास्तर, पोरगी सोंग करत नाही. दुखणं खरं आहे. पण कारण पोटात नाही, तुमच्या शाळेत आहे. ते तुम्ही शोधा."

मला ते लागलं. माझ्या वर्गात काय असणार? नॉर्मल स्कूलमधून, म्हणजे मास्तरांच्या ट्रेनिंग कॉलेजातून, मी पहिल्या वर्गात पास होऊन आलेलो. छडी मी वापरत नव्हतो. उलट मुलांना चढाओढ लागावी म्हणून मी एक नवीन गोष्ट सुरू केली होती. शाळेच्या ओट्यावर, रस्त्याकडं तोंड करून, मोठा फळा लावला होता. वर ऑइलपेंटनं 'गुणफलक' असं लिहिलेलं. दर शनिवारी त्यावर चाचणीचे नंबर खडूनं लिहायचे. पहिला, दुसरा, तिसरा, असे पास झालेले सगळे. बाजाराला जाणारा-येणारा प्रत्येक माणूस थांबून वाचायचा. गेली दोन वर्षं सगळ्यात वर कमलचं नाव असायचं. विस्तार अधिकारी, ज्यांना गाव अजून इन्स्पेक्टरसाहेबच म्हणायचं, ते या फळ्यावर इतके खूश होते की आजूबाजूच्या चार शाळांचे मास्तर घेऊन तो दाखवायला येणार होते.

मी शोध सुरू केला. शेजारी बसणारी मुलगी त्रास देते का? जागा बदलून पाहिली. पोरं वाटेत चिडवतात का? नाही. घरी काही भांडण? नाही.

शेवटी बागकामाच्या तासाला मी तिच्या बाजूला उकिडवा बसलो. ती वांग्याच्या वाफ्यात खुरपत होती. समोर उभं करून विचारलं की ती बोलत नव्हती. हातात खुरपं असलं की बोलायची.

"कमल, दिवाळीनंतर तुझा एकदा तिसरा नंबर आला होता. त्यानंतरच पोट दुखायला लागलं ना?"

तिनं मान खाली ठेवूनच "हाव" म्हटलं.

"मी रागावलो होतो का?"

"नाई."

"बाबा?"

ती खुरपत राहिली. एक तण उपटून बाजूला टाकत म्हणाली, "बाबा काईच नाई बोलले. पण थ्या बजाराले वढ्याकडून गेले. पाटी घेऊन. मी पाह्यलं. शाळेवरून गेलेच नाई."

ओढ्याकडचा रस्ता लांबचा, चिखलाचा. डोक्यावर भाजीची पाटी घेऊन तिकडून कोणी जात नसे.

"मग कोरा पेपर काऊन देतेस?"

"कोऱ्या पेपराले नंबर नसते ना, गुर्जी. नापासाचं नाव तुमी लिहीत नाई. मंग लोक म्हनते, पोरगी बिमार होती. बिमार माणसाले कोनी हासत नाई."

तेरा वर्षांच्या मुलीनं हा हिशेब मनाशी मांडला होता, आणि तो बरोबर होता. शिवाय पोटही खरंच दुखत होतं.

त्याच संध्याकाळी मी शिवरामभाऊंच्या मळ्यात गेलो. ते मेथीच्या जुड्या बांधत होते. कमल आणि तिची आई जुड्या पाण्यात बुडवून रचत होत्या. मी सरळच विचारलं, "शिवरामभाऊ, त्या बाजाराला तुम्ही ओढ्याकडून काऊन गेला होता?"

ते कानकोंडे झाले. "तुमाले कोनं सांगतलं?"

"सांगा तर."

"आता काय सांगू, गुर्जी. दोन वर्षं म्या बजारात सांगत हिंडलो, माही पोरगी पह्यली, माही पोरगी पह्यली. गिऱ्हाईक वांगं मागे, मी नंबर सांगो. मंग तिसरा आला. आता लोक इचारतीन, काऊन बे शिवराम, काय झालं? मलेच लाज वाटली. माह्या तोंडाची."

"पोरीची नाही?"

"पोरीची काहाले?" ते एकदम मोठ्यानं म्हणाले. "मी चौथीत दोनदा नापास झालो. थे तिसरी आली!"

कमलच्या हातातली जुडी तशीच राहिली. आई तिच्याकडं पाहत होती. शिवरामभाऊंना तेव्हा कुठं उमगलं. ते उठले, पोरीपाशी गेले. "तू तेच धरून बसली होती काय, माय?" एवढंच म्हणाले. कमल रडायला लागली. चांगलं मोकळं रडली. मी निघून आलो.

अर्धं काम झालं होतं. उरलेलं अर्धं माझं होतं.

दुसऱ्या दिवशी हेडमास्तरांना म्हटलं, "फळा काढतो."

हेडमास्तर पिंपळगाव राजाचे. निवृत्तीला दोन वर्षं उरलेली. "तुमचं डोस्कं ठिकाणावर आहे ना? साहेब सोमवारी येऊन राह्यले. फळा पाहाले!"

"एका मुलीचं पोट दुखतं त्यानं."

"आन् काढल्यावर माह्यं दुखीन, त्याचं काय?"

पण अडवलं नाही त्यांनी. शिपायाला सांगून पक्कड मात्र त्यांनीच दिली.

सोमवारी साहेब चार मास्तरांना घेऊन आले. ओट्यावर उभे राहून भिंतीतले खिळ्यांचे डाग पाहत म्हणाले, "फलक कुठं आहे?"

"काढला, साहेब."

"कुणाच्या हुकमानं?"

मी झालेलं सांगितलं. मुलीचं नाव न घेता. साहेबांनी ऐकून घेतलं. "अहो, पण मुलांना ईर्ष्या नको का?"

"हवी, साहेब. पोट दुखेपर्यंत नको."

बरोबरचे एक मास्तर हसले आणि साहेबांनी पाहताच गप्प झाले. साहेबांनी शेरेबही मागवली. शेरेबही म्हणजे तपासणीला आलेला अधिकारी आपलं मत लिहून जातो ती वही. त्यात लिहिलं : 'गुणफलक बंद केला आहे. परिणाम वार्षिक निकालात पाहावा.' याचा अर्थ हेडमास्तरांनी मला समजावला. निकाल पडला तर माझी बदली, जिथं एस.टी. जात नाही अशा गावाला.

चाचणी मी बंद केली नाही. नंबर बंद केले. पेपरवर गुण न लिहिता, काय चुकलं तेवढं लिहायचं आणि पेपर घडी करून ज्याच्या त्याच्या हातात द्यायचा. तरी कमलचा हात उठेना. कागद समोर आला की ती नाव, नंबर, तारीख लिहून थांबायची.

मग एका सोमवारी मी सांगितलं, "आज सगळी उत्तरं चुकीची लिहायची. ज्याचं एकही उत्तर बरोबर येईल, तो नापास."

वर्गात गलका झाला. चुकीचं लिहिणंही सोपं नसतं, ते पोरांच्या पाच मिनिटांत लक्षात आलं. कमल बराच वेळ कागदाकडं पाहत बसली. मग तिला हसू फुटलं आणि तिनं लिहायला घेतलं. तिचा पेपर मी जपून ठेवला होता. 'पैनगंगा नदी चंद्रावर उगम पावते. तिच्या काठी शेगाव हे बंदर आहे. तेथून मेथी विलायतेस जाते.' पानभर, सरळ ओळीत. कितीतरी आठवड्यांतला तिचा पहिला भरलेला पेपर. पुढच्या सोमवारी तिनं पाचातले दोन प्रश्न लिहिले, बरोबर. त्यानंतरच्या आठवड्यात पुन्हा पोट दुखलं आणि एकच लिहिला. असं पुढं-मागं चाललं.

केंद्रपरीक्षेच्या दिवशी सकाळी धाडला शाळेच्या फाटकाशी ती पोट धरून उभी. शिवरामभाऊ बाजूला, त्यांचाच चेहरा उतरलेला.

"गुर्जी, दुखून राह्यलं."

मी पूर्वी म्हणायचो, घाबरू नको. त्याचा काही उपयोग नसतो हे तोवर कळलं होतं. मी म्हटलं, "दुखू दे. दुखत असतानाच लिही. पहिला प्रश्न सोड, येतो त्यापासून धर."

तीन तासांनी ती बाहेर आली. बोटाला शाई.

"दुखलं का?"

"दुखलं. मंग लिहिता लिहिता ध्यानातच नाई राह्यलं."

निकाल लागला. वर्गातले दोघं सोडून सगळे पास. कमल आमच्या शाळेत पाचवी आली. शिवरामभाऊ पेढे घेऊन आले, आणि कितवी आली ते त्यांनी विचारलंही नाही. ती मामाकडं राहून बुलढाण्याला हायस्कूल शिकली. पोटदुखी तिथंही अधूनमधून यायची, तिनं पत्रात कळवलं होतं. पण पेपर तिनं एकही सोडला नाही. मॅट्रिक झाली, पुढं ग्रामसेविका झाली. साहेब दुसऱ्या वर्षी तपासणीला आले तेव्हा शेरेबहीत दोनच शब्द लिहून गेले : 'निकाल ठीक.' माझी बदली झाली नाही.

त्यानंतर मी पंचवीसएक वर्षं नोकरी केली. मुलाला काय येतं, हे पेपर पाहून कळतं. येत असून लिहवत का नाही, हे त्यालाच विचारावं लागतं. फक्त विचारताना, उत्तरात आपलंच नाव निघू शकतं, एवढी तयारी मास्तरनं ठेवावी.